अभ्यासक्रम आधी भिंतीवर, मग पुस्तकं

यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेचा अभ्यासक्रम दरवर्षीच्या अधिसूचनेतच छापलेला असतो. नागपूरच्या सीताबर्डीत त्याची झेरॉक्स काढा, भिंतीवर चिकटवा आणि मगच पुस्तकांच्या दुकानाकडे वळा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात (मीही केलं).

पूर्वपरीक्षेतला दुसरा पेपर, सीसॅट, फक्त पात्रतेचा आहे: २०० पैकी ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण पुरेत. पण तेवढेही पडले नाहीत, तर पहिल्या पेपरचे गुण धरलेच जात नाहीत. मुख्य परीक्षेत नऊ पेपर. त्यातले दोन भाषांचे, तेही पात्रतेपुरतेच. उरलेल्या सातांचे १७५० आणि मुलाखतीचे २७५.

खरी गंमत मुख्य परीक्षेच्या एकेका ओळीत आहे. सामान्य अध्ययन एकमध्ये ‘स्वातंत्र्योत्तर एकत्रीकरण व पुनर्रचना’ असे मोजकेच शब्द आहेत. नागपूर १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशची राजधानी होतं, विदर्भ मराठी राज्यात यावा म्हणून झालेला १९५३ चा नागपूर करार, वेगळ्या विदर्भाची मागणी, हे सगळं त्याच ओळीत बसतं. संत्र्याचं भौगोलिक मानांकन सामान्य अध्ययन तीनमध्ये, बौद्धिक संपदेखाली. पेंचचे वाघही तिथेच, पर्यावरणात.

म्हणून सकाळी वर्तमानपत्र वाचताना बातमीशेजारी पेन्सिलीनं पेपरचा क्रमांक आणि ओळ लिहा. कुठेच बसत नसेल तर ती बातमी सोडा. सोबत मागच्या काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका घ्या आणि प्रत्येक प्रश्न भिंतीवरच्या ओळीला जोडा. कोणती ओळ आयोगाची लाडकी आहे, ते आठवड्याभरात दिसायला लागेल.