आयरिश रूळ २१ मिलिमीटरचा: पहिला तुकडा हाताने कसा बांधावा

४ मिमीला १ फूट या मापात आयरिश रेल्वेचं मॉडेल करायचं तर रुळांमधलं अंतर २१ मिमी हवं. हिशोब सरळ आहे. १८४६च्या कायद्याने आयर्लंडचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ५ फूट ३ इंच (सव्वापाच फूट) ठरलं, त्याला चाराने गुणा. त्याआधी डब्लिन–किंग्जटाउन मार्ग ४ फूट साडेआठ इंचांचा होता, अल्स्टर रेल्वे ६ फूट २ इंचांची, आणि हा गोंधळ मिटवायलाच कायदा आणावा लागला. दुकानात मिळणारा ओओ रूळ (याच मापाच्या मॉडेलसाठी सर्रास वापरला जाणारा) मात्र १६.५ मिमीचा, म्हणजे खऱ्या मापात जेमतेम ४ फूट दीड इंच. ब्रिटिश गाड्यांच्या मॉडेलमध्ये ही तूट साधारण २.३ मिमीची असते, ती नजरेआड करता येते. आयरिश मॉडेलमध्ये ती साडेचार मिमीची आहे. समोरून पाहिलं की चाकं आत ओढल्यासारखी दिसतात. उत्तर आयर्लंडमधल्या कल्ट्राच्या संग्रहालयात १९३९ साली इंचिकोर कारखान्यात बांधलेलं ८०० क्रमांकाचं ‘मेव्ह’ इंजिन आहे. त्याचा समोरून काढलेला फोटो आणि ओओवरचं कुठलंही आयरिश इंजिन शेजारी ठेवून बघा, काय हरवलंय ते लगेच कळतं.

गाड्या लवकर पळवायच्या असतील तर १६.५ मिमीवर राहणं चुकीचं नाही. मर्फी मॉडेल्स या कंपनीची आयरिश डिझेल इंजिनं त्याच रुळासाठी तयार मिळतात. पण २१ मिमीची ओढ असेल तर थेट स्टेशनाचा आराखडा काढायला बसू नका. आधी एक सरळ तुकडा आणि एक चारचाकी वॅगन, एवढंच करा. सगळ्या चुका इथेच होतात आणि इथे त्या स्वस्तात सुटतात.

लांबी ९१४ मिमी धरा. त्याचं कारण रूळ कुठून मिळतो त्यात आहे: पेको या कंपनीच्या कोड ७५ (रुळाची उंची ०.०७५ इंच) फ्लेक्सिबल, म्हणजे वाकवता येणाऱ्या, ट्रॅकची एक कांडी तेवढीच असते. तिच्या प्लास्टिकमधून दोन्ही रूळ सरकवून बाहेर काढले की लागणारा सगळा रूळ हातात येतो. स्लीपरसाठी एका बाजूला तांबं असलेली पीसीबीची (इलेक्ट्रॉनिक सर्किटसाठी वापरतात ती) पाटी घ्या, जाडी १.६ मिमी. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ती सहज मिळते. तपकिरी फिनोलिक पाटी कापायला सोपी, पण डाग देताना (सोल्डर करताना) जरा जास्त तापली की तांबं पापुद्र्यासारखं सुटतं. हिरवट ग्लास-इपॉक्सी घ्या. मात्र तिची धूळ फुफ्फुसांना वाईट, म्हणून मास्क लावा आणि पाटी ओली करून कापा.

स्लीपर ३६ मिमी लांब आणि ३.३ मिमी रुंद कापा, म्हणजे खऱ्या मापात ९ फूट आणि १० इंच. दोन स्लीपरच्या मध्यांमधलं अंतर १० मिमी ठेवा. रुळांच्या जोडापाशी ते ८ मिमीवर आणा, कारण खऱ्या रुळालाही तिथेच जास्त आधार लागतो. एकूण ९० ते ९५ स्लीपर लागतील. ६ × ४ इंचांच्या दोन पाट्यांतून वाया जाणारे धरूनही तेवढे निघतात.

आता सगळ्यात महत्त्वाची वस्तू, गेजचा ठोकळा. असे तीन लागतील. लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमचे करून घ्या, रुंदी २१.० ते २१.०५ मिमी. पितळ नको, त्याला सोल्डर चिकटतं. ठोकळ्याच्या खालच्या दोन्ही कडा १ मिमी तिरक्या कापलेल्या हव्यात. हे विसरलं की पुढचं सगळं बिघडतं. या रुळाचा तळ माथ्यापेक्षा रुंद असतो. सरळ कडेचा ठोकळा माथ्याऐवजी तळाला टेकतो आणि गेज जवळजवळ १ मिमीने वाढतं. वळण ९०० मिमी त्रिज्येपेक्षा कमी असेल तर त्यासाठी २१.२ मिमीचा वेगळा ठोकळा करून घ्या. भारतीय ब्रॉडगेज करणाऱ्यांसाठी एक गोष्ट: ५ फूट ६ इंच याच मापात बरोबर २२ मिमी होतात. ठोकळा तेवढा बदला, बाकी कृती तीच.

स्लीपर बसवण्याआधी प्रत्येकाच्या मधोमध तांब्यात करवतीच्या पात्याने आडवी खाच पाडा, नाहीतर दोन्ही रूळ शॉर्ट होतील. खाच डोळ्यांना दिसली म्हणजे तांबं तुटलंच असं नाही. कडेला केसाएवढी चकाकी राहिली तरी करंट जातो. मल्टिमीटर लावून प्रत्येक स्लीपर तपासा. नव्वद स्लीपर डागल्यावर त्यातला एक दोषी शोधायचा म्हणजे दिवस गेला.

जाड कागदावर स्लीपरच्या जागा आखा, डबलसाइड टेपने स्लीपर चिकटवा, तांबं काचतंतूच्या पेनने चमकेपर्यंत घासा. रुळाचा तळही घासा. पहिला रूळ स्टीलच्या पट्टीला टेकवून दर पाचव्या स्लीपरवर डाग द्या. चपटं टोक असलेला ४० ते ५० वॉटचा सोल्डरिंग आयर्न घ्या. थोडा फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचं रसायन) लावा, टोक रूळ आणि तांबं दोन्हीला एकदम टेकवा, सोल्डर चकचकीत होऊन रुळाच्या कडेने धावलं की लगेच उचला. दोन सेकंद पुरतात. सोल्डर गोळा होऊन बसलं तर एकतर धातू मळका आहे किंवा आयर्न थंड. त्यावर आणखी सोल्डर घालू नका, पुसून पुन्हा करा. डाग रुळाच्या बाहेरच्या बाजूने द्या, आतल्या बाजूचा फुगवटा चाकाच्या कडेला लागतो.

दुसरा रूळ तीन ठोकळे लावून बसवा: दोन डाग द्यायच्या जागेच्या अलीकडे-पलीकडे, तिसरा पुढे. एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे सलग जाऊ नका. रूळ तापून लांबतो, त्याच अवस्थेत पकडला जातो, आणि गार झाल्यावर सगळा तुकडा केळ्यासारखा वाकतो. आधी दोन्ही टोकं, मग मध्य, मग मधल्या जागा, असं करा. दर पाच स्लीपरनंतर मल्टिमीटर पुन्हा लावा. काम झालं की त्याच दिवशी आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून धुवा. राहिलेला फ्लक्स काही आठवड्यांत तांब्यावर हिरवा मळ आणतो आणि डाग सुटू लागतात.

मग वॅगन. चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर १९.३ मिमी ठेवा. हा आकडा मनमानी नाही. पुढे सांधे आणि क्रॉसिंग बांधाल तेव्हा चाकाची कड जाण्यासाठी १ मिमी फट सोडाल, म्हणजे दोन्ही बाजूंच्या चेकरेलमध्ये (रुळाच्या आतून लावलेल्या, चाकाला वाट दाखवणाऱ्या जादा रुळांमध्ये) १९.० मिमी उरेल. चाकं १९.३ वर असतील तर ती त्यावरून मोकळी जातात. १९.० किंवा कमी असेल तर चेकरेलवर आवळतात आणि वॅगन वर चढते. नेहमीचा २६ मिमीचा टोकदार आस इथे आखूड पडतो, २८ मिमीचा वापरा.

इंजिनाच्या बाबतीत घाई करू नका. चाकाची रुंदी सुमारे २.३ मिमी धरली तर बाहेरून बाहेर २३.९ मिमी होतात. म्हणून बोगीच्या बाजूंमध्ये निदान २४.५ मिमी जागा आहे का, ते कॅलिपरने आधी मोजा. ओओची चाकं साधारण १४.५ मिमीवर असतात. प्रत्येक चाक २.४ मिमी बाहेर ओढलं की प्लास्टिकच्या बुशमध्ये (चाक ज्यात बसतं त्या नळीत) आसाचा फार थोडा भाग उरतो. सुरुवातीला चालतं, मग चाक हळूहळू सरकतं किंवा बुश तडकतो. नवीन लांब आस घालणं हाच उपाय.

हवामानही हिशोबात धरा. हिवाळ्यात १५ अंशांच्या खोलीत बांधलेला रूळ मे महिन्यात ४० अंशांत मीटरमागे जवळपास ०.४ मिमी लांबतो. म्हणून दर जोडाला अर्धा मिमी फट सोडा. प्लायवुडला खालून-वरून दोन्हीकडे वॉर्निश लावा, नाहीतर कोकणातल्या पावसाळ्यात फळी पिळवटते आणि ताठ चारचाकी वॅगनचं एक चाक अधांतरी राहतं.

शेवटी खडी. खरी दोन इंची खडी या मापात ०.७ मिमीची होते. क्रशरची बारीक कच चहाच्या गाळणीतून चाळा, मग साडीच्या जुन्या पातळ कापडातून धूळ काढून टाका. रुळांमध्ये पसरून ब्रशने स्लीपरच्या वरच्या पातळीखाली आणा. पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचे दोन थेंब घालून फवारा मारा आणि एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी असं मिश्रण ड्रॉपरने सोडा. आपल्याकडची कच काळ्या बेसाल्टची. आयर्लंडच्या मध्यभागात चुनखडी आहे, त्यामुळे तिथल्या मार्गांना ती फार गडद दिसते, फिकट राखाडी रंगाचा पातळ हात द्यावा लागतो. अँट्रिमचं पठार मात्र बेसाल्टचंच आहे. तिकडचा एखादा मार्ग निवडलात तर सह्याद्रीची कच जशीच्या तशी चालेल.