मित्राशी रिव्हॉल्वरची अदलाबदल करताय? या चुका टाळा

एकाकडे वडिलांकडून आलेली जुनी विलायती वेब्ली रिव्हॉल्वर, दुसऱ्याकडे कानपूरच्या सरकारी कारखान्याची बत्तीस बोअर, आणि दोघेही परवानाधारक. अशा दोन मित्रांत "तुझी मला दे, माझी तू ठेव" हा विषय कधीतरी निघतोच. म्हणायला सोपं असलं तरी कागदावर ती दोन वेगवेगळी हस्तांतरणं असतात आणि दोन्हींची परवानगी, मुदत, नोंद वेगवेगळी चालते. त्यामुळे एक बाजू पूर्ण झाली आणि दुसरी अडकली, असं सहज घडतं.

"आठवडाभर ठेवून बघ"

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. परवाना माणसाचा असतो आणि त्यावर नंबरासकट नोंदलेल्या हत्याराचा असतो. मित्राकडे स्वतःचा परवाना असला तरी त्यावर तुमच्या रिव्हॉल्वरचा नंबर नाही, म्हणजे त्याच्या घरात ते बेकायदा हत्यार ठरतं. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ मध्ये सवलत आहे ती फार अरुंद: दुरुस्तीसाठी, परवाना नूतनीकरणासाठी किंवा मालकाच्याच वापरासाठी, आणि तीही मालक सोबत असताना किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर. 'पसंत पडतंय का बघू' हे कारण त्यात बसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याची शिक्षा २ ते ५ वर्षं आहे. देणाराही सुटत नाही. घेणारा पात्र आहे की नाही याची खात्री न करता हत्यार हवाली करणं हा कलम २९ खाली वेगळा गुन्हा आहे.

हत्यार बघायचंच असेल तर दोघांनी आपापलं हत्यार आणि परवाना घेऊन परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जावं. शेतावर दोन बार काढून बघायचा मोह टाळा.

४५ दिवस न मोजणं

कलम ५ प्रमाणे खासगी वापराचं अग्निशस्त्र दुसऱ्याला द्यायचं तर आधी जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला तसं लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात. अदलाबदलीत देणारे दोघेही असतात, म्हणून पत्रंही दोन. एकाने पत्र दिलं आणि दुसऱ्याने 'माझंही त्यातच आलं' असं धरलं, तर दुसऱ्याचे ४५ दिवस सुरूच होत नाहीत. पत्रात मेक, बोअर, हत्याराचा नंबर, परवाना क्रमांक, यूआयएन (परवानाधारकाचा विशिष्ट ओळख क्रमांक) आणि घेणाऱ्याचे तेच तपशील लिहा. पोच घ्या, तारखेसह. पोच नसलेलं पत्र दिलंच नाही असं समजावं.

नुसतं कळवून भागत नाही. घेणाऱ्याला ते विशिष्ट हत्यार घेण्याची परवानगी त्याच्या परवाना प्राधिकाऱ्याकडून हवी, आणि व्यवहारानंतर जुनी नोंद कमी होऊन नवी चढली पाहिजे. पुण्यात एक आणि साताऱ्याच्या गावात दुसरा असेल, तर एकीकडे पोलीस आयुक्तालय आणि दुसरीकडे जिल्हाधिकारी कार्यालय, अशा दोन ठिकाणी फाइली फिरतात. दोन्ही परवानग्या हातात आल्याशिवाय हत्यारं हलवू नका.

फाइल अडकते ती बहुधा किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवर. जुन्या हस्तलिखित परवान्यात नंबरातला ३ हा ८ सारखा वाचला गेलेला असतो, किंवा एखादं अक्षर गळलेलं असतं. फ्रेमवर कोरलेला नंबर आधी भिंगाखाली वाचा, परवान्याशी ताडून पाहा, आणि फरक असेल तर दुरुस्तीचा अर्ज आधी करा. परवान्याची मुदत संपत आली असेल तर नूतनीकरण आधी, अदलाबदल नंतर. एका परवानाधारकाला आता दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात (२०१९ पूर्वी तीन). एकास एक अदलाबदलीत आकडा बदलत नाही, पण मित्राकडे आधीच दोन असतील आणि त्याचं जुनं हत्यार कमी व्हायच्या आत तुमचं चढलं, तर कागदावर तीन होतात.

"दोन्ही बत्तीसच आहेत ना!"

नाहीत. कानपूरच्या ऑर्डनन्सच्या रिव्हॉल्वरला .३२ एस अँड डब्ल्यू लाँग काडतूस लागतं, तर अशनी या देशी पिस्तुलाला किंवा वेब्ली अँड स्कॉटच्या जुन्या सेल्फलोडिंग (पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या) पिस्तुलाला .३२ एसीपी हे वेगळं काडतूस. लाँग काडतूस पिस्तुलात बसत नाही, त्यामुळे तिथे चूक लगेच कळते. उलट बाजू धोक्याची आहे, कारण एसीपी काडतूस रिव्हॉल्वरच्या चक्रीत बसू शकतं आणि त्याचा दाब जास्त असतो. जुन्या नाजूक चक्रीवर हा प्रयोग नको. बोअर बोलण्यावरून ठरवू नका, नळीवरचा ठसा आणि काडतुसाच्या डब्यावरचं पूर्ण नाव वाचा. रिव्हॉल्वर देऊन पिस्तूल घेत असाल तर अर्जात तसा स्पष्ट उल्लेख हवा.

नावावरून किंमत ठरवणं

१९८० च्या दशकात सामान्य परवानाधारकांसाठी परदेशी हत्यारांची आयात बंद झाली आणि देशात आधीच असलेल्या जुन्या विलायती हत्यारांचे भाव चढत गेले. म्हणून 'वेब्ली' म्हटलं की डोळे चमकतात. पण २०२० पासून वेब्ली अँड स्कॉटच्या नावाने .३२ रिव्हॉल्वर उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यातही बनते. ती वाईट आहे असं मुळीच नाही, फक्त तिला इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला बनलेल्या जुन्या नगाचा भाव लावू नये. बर्मिंगहॅमच्या नगावर मुकुटाखाली बीव्ही, एनपी असे प्रूफचे (नळी चाचणीत उतरल्याचे) ठसे शोधा. नुसतं वेब्लीचं नाव कोरलेली देशी नक्कलही असते. ठसे नाहीत किंवा घासलेले आहेत, नंबर पुन्हा कोरल्यासारखा दिसतो, तर मैत्री बाजूला ठेवून तिथेच थांबा.

दोन हत्यारांच्या किमतीतल्या फरकापोटी काही रक्कम ठरली तर ती बँकेतून द्या आणि करारात लिहा.

चकाकी बघून भुलणं

नवं ब्लूइंग (धातूवरचा निळसर-काळा मुलामा) हे चांगलं लक्षण नाही, उलट गंज झाकायला केलेलं असू शकतं. विक्रेत्याच्या टेबलावर रिव्हॉल्वर उघडा, सहाही घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, मग पुढचं बघा.

वेब्ली मार्क ४ आणि तिच्यावर बेतलेली कानपूरची रिव्हॉल्वर मधून मोडून उघडते. म्हणून पहिली झीज बिजागरीत आणि वरच्या खटक्यात दिसते. बंद करून नळी आणि मूठ उलटसुलट दाबा. खटक्यापाशी हालचाल जाणवली तर दुरुस्ती साधी नाही. घोडा सावकाश चढवा, प्रत्येक घर नळीसमोर येऊन पक्कं बसलं पाहिजे, आणि सहाही घरांवर हे करून बघा, कारण दोष एखाद्याच घरात असतो. चढवलेल्या घोड्याला मागून अंगठ्याने हलका रेटा द्या. चाप न ओढता तो पडला तर ते हत्यार असुरक्षित आहे. नळीतून उजेडाकडे बघा: खड्डे म्हणजे साफसफाईची हयगय, पण गोल काळी कडी दिसली तर नळी आतून फुगली असण्याची शक्यता असते. उघडताना एक्स्ट्रॅक्टर (रिकामी काडतुसं वर उचलणारा भाग) पूर्ण वर येऊन परत बसतो का, तेही पाहा.

जुन्या वेब्लीचे सुटे भाग सहज मिळत नाहीत. रोजच्या संरक्षणासाठी हत्यार हवं असेल तर दुरुस्त होणारी कानपूरची सरस, असं आमचं स्पष्ट मत आहे. १९५० च्या आधीचा देखणा नग घेऊन तो कमरेला लावणं हा हौसेचा सौदा झाला.

"नाही जमलं तर परत करू"

परत करायचं म्हणजे पुन्हा दोन पत्रं, पुन्हा ४५ दिवस, पुन्हा दोन परवानग्या. मध्ये निवडणूक लागली आणि हत्यारं जमा करण्याचे आदेश निघाले, तर आणखी महिने. म्हणून विचार अर्जाआधीच करा. हत्यार वडिलोपार्जित असेल तर घरच्यांना विचारा; पुढे वारस म्हणून मुलगा किंवा मुलगी ते मागू शकते. केवळ मित्राला नाही म्हणता येत नाही म्हणून देत असाल, तर देऊ नका. मोडकी बिजागरी त्याच्या गळ्यात घालणार असाल, तरीही.

ताबा देण्याच्या दिवशी उरलेली काडतुसं 'राहू दे तुझ्याकडे' म्हणून सोबत देऊ नका. कलम ५ ची अट दारूगोळ्यालाही लागू आहे, आणि खडकीच्या कारखान्याच्या काडतुसांची डबी अर्धी वापरलेली असली तरी तिची नोंद तुमच्या परवान्यावर असते. पत्रात काडतुसांची संख्या लिहिली नसेल तर ती विक्रेत्याकडे रीतसर जमा करा आणि पावती परवान्यासोबत ठेवा.