डाग राहतो, लादी जाते: घरसफाईतल्या या चुका टाळा

नळावरचा पांढरा थर साबणाने निघत नाही आणि शेगडीमागचा चिकट थर लिंबाने निघत नाही. तरी दोन्ही ठिकाणी मनगट दुखेपर्यंत घासलं जातं, मग तारेची घासणी येते, मग अॅसिडची बाटली. थर कसला आहे हे आधी बघितलं तर निम्मं घासणं वाचतं. पाण्याचा क्षार असेल तर आंबट काहीतरी लागतं. तेल असेल तर गरम पाणी, साबण, सोडा. काळी बुरशी असेल तर ब्लीच. या तिन्हींची अदलाबदल झाली की डाग जागेवर राहतो आणि खालची वस्तू जाते.

‘जरा अॅसिड मारून टाका’

सर्वांत महागात पडणारी चूक हीच, म्हणून इथे जरा थांबू.

बोअरवेल किंवा टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या इमारतींत नळ, शॉवर, बादल्या, काचा यांवर पांढरट खरखरीत थर चढतो. तो पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचा क्षार. गरम पाण्याच्या नळाला तो जास्त धरतो, कारण पाणी तापलं की विरघळलेला क्षार बाहेर पडतो. आम्लाने तो विरघळतो, इथवर विचार बरोबर आहे. गोची पुढे होते. संगमरवर, कोटा, शहाबादी फरशी आणि कडप्पा हे चारही चुनखडीच्या कुळातले दगड, म्हणजे नळावरचा थर आणि पायाखालची फरशी मुळात एकाच पदार्थाची. अॅसिडला त्यांतला फरक कळत नाही. कडप्पा काळा आणि गुळगुळीत असल्यामुळे त्याला ग्रॅनाइट समजण्याची चूक तर घरोघर होते. ओट्यावर लिंबू पिळलेल्या जागी जे फिकट ठिपके दिसतात, ते डाग नसून खरवडला गेलेला दगड असतो. कितीही पुसा, जाणार नाहीत. मशीनने पुन्हा पॉलिश करणं एवढाच उपाय उरतो.

दगड ओळखता येत नसेल तर ओट्याखालच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात लिंबाच्या रसाचा एक थेंब टाकून दोन मिनिटं ठेवा. पुसा, वाळू द्या आणि तिरप्या उजेडात बघा. तिथली चकाकी गेली असेल तर त्या घरात त्या दगडावर लिंबू, व्हिनेगर, संडासाचं क्लीनर यांतलं काहीही लावायचं नाही. जुन्या इमारतींतल्या मोझेक लाद्यांनाही हाच नियम, कारण त्यांत सिमेंट आणि संगमरवराच्या कपच्या असतात.

सिरॅमिक किंवा व्हिट्रिफाइड लादी स्वतः अॅसिड सोसते. तिच्या सांध्यांतलं सिमेंट सोसत नाही. दर धुण्यात ते थोडं थोडं खाल्लं जातं, सांधे खोल होतात, त्यांत मळ बसतो, मळ दिसला की आणखी अॅसिड. शेवटी त्या सांध्यांतून पाणी उतरतं आणि खालच्या मजल्यावरची मंडळी छतावरची ओल दाखवायला वर येतात. शिवाय अॅसिडची वाफ जिथे थेंबही पडला नाही तिथे पोचते. धुतल्यानंतर काही दिवसांत दाराच्या बिजागऱ्या, टॉवेलचा दांडा आणि शॉवरची स्टीलची नळी गंजू लागली असेल, तर दोष स्टीलच्या दर्जाला देण्याआधी ही वाफ आठवा. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने अॅसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले, ते वेगळ्या आणि फार गंभीर कारणासाठी. सफाईच्या कामापुरतं बोलायचं तर घरात सुटं अॅसिड ठेवायची गरजच नाही.

नळासाठी किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व पुरतं. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे, साधारण ३० ग्रॅम. जुनं सुती फडकं त्यात भिजवून नळाला गुंडाळा, १५ मिनिटं ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा आणि कोरडं पुसा. थर जाड असेल तर हेच दोनदा करा. द्रावण दुप्पट कडक करू नका, तासभर गुंडाळूनही ठेवू नका, क्रोमचा मुलामा मंद पडतो. धार बारीक झाली असेल तर नळाच्या तोंडाची गोल जाळी आटे फिरवून काढा आणि त्याच पाण्यात अर्धा तास बुडवा. प्लंबर बोलवायच्या आधी हे जरूर करून बघा. सोनेरी किंवा काळ्या मॅट मुलाम्याच्या नळांना मात्र साबणपाणी आणि मऊ कापड, बस्स. आणि खाली कडप्पा किंवा कोटा असेल तर नळाखाली ओला पंचा अंथरल्याशिवाय हे पाणी उघडूच नका.

दोन बाटल्या एकत्र

संडासाच्या काही क्लीनरमध्ये आम्ल असतं, काहींमध्ये ब्लीच. बाटल्यांचा आकार सारखाच, वासही सुगंधाखाली झाकलेला. रात्री एक ओतलं, सकाळी डाग दिसला म्हणून त्यावर दुसरं ओतलं की भांड्यातून क्लोरीन वायू निघतो. डोळे झोंबतात, घसा आवळतो, खोकला थांबत नाही. दारं बंद असलेल्या चार बाय सातच्या बाथरूममध्ये हे जिवावर बेतू शकतं. असं झालंच तर फ्लश करायला थांबू नका. बाहेर या, दार-खिडक्या उघड्या टाका, घरातल्यांना बाहेर काढा. श्वासाचा त्रास राहिला तर १०८ ला फोन. तोंडावरचा कापडी किंवा सर्जिकल मास्क हा वायू अडवत नाही. ब्लीचमध्ये अमोनिया असलेलं काचेचं क्लीनर मिसळणंही तितकंच वाईट. एका वेळी एकच रसायन, ते पूर्ण धुऊन निघाल्यावरच दुसरं.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचं मिश्रण निदान विषारी नसतं, नुसतं वाया जातं. फेस छान येतो, तेवढंच. दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि मागे जवळजवळ मिठाचं पाणी उरतं. वेगवेगळे वापरा: तेलकट जागी सोडा, क्षाराच्या जागी व्हिनेगर.

बुरशीवर ब्लीच मारलं, आठवड्यात परत आली

याची कारणं बहुधा तीन. पहिलं, साबणाचा चिकट थर न काढताच ब्लीच मारलं. ते मळावरच खर्ची पडतं. दुसरं, मारलं आणि लगेच धुतलं. तिसरं, गरम पाण्यात कालवलं किंवा मागच्या आठवड्यातलं उरलेलं वापरलं. आधी डिशवॉशच्या पाण्याने लाद्या घासून स्वच्छ धुवा. मग एक लिटर थंड पाण्यात जास्तीत जास्त ६० मिली साधं घरगुती ब्लीच, हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून. पृष्ठभाग दहा मिनिटं ओला राहिला पाहिजे. पावसाळा सोडून इतर दिवसांत तो मधेच वाळतो, तेव्हा पुन्हा ओला करा. मग धुवा. उरलेलं ओतून टाका, दुसऱ्या दिवशी त्यात जोर नसतो.

बेसिनच्या कडेचं पांढरं सिलिकॉन आतूनच काळं पडलं असेल तर ते कशानेही पांढरं होत नाही. ब्लेडने कापून काढा, जागा पूर्ण वाळू द्या आणि बुरशीरोधक सिलिकॉनची नवी रेघ भरा. बेडरूमच्या भिंतीवरची बुरशी हे तर सफाईचं काम नव्हेच. बाहेरच्या भिंतीला भेग किंवा आत गळकी पाइप असते. ती सापडेपर्यंत पुसणं आणि रंग मारणं म्हणजे पुढच्या श्रावणापर्यंतची तात्पुरती सोय.

चिमणी

इथे लोक धातू न बघता हात घालतात. पन्हळीसारख्या पट्ट्यांची गाळणी बहुधा स्टीलची असते, पातळ थरांच्या जाळीची बहुधा अॅल्युमिनियमची. स्टीलची असेल तर टबात पाच लिटर कडक गरम पाणी, १०० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि चमचाभर डिशवॉश, त्यात अर्धा तास. तेल स्वतःहून सुटून वर तरंगतं, ब्रश नावाला लागतो. हेच पाणी अॅल्युमिनियमला लावलं तर जाळी काळपट पडते आणि बोटाला काळं लागत राहतं. कॉस्टिक सोड्यात तर ती खाल्लीच जाते. तिला फक्त गरम पाणी आणि डिशवॉश, दहा मिनिटं, लागलं तर दोनदा. पाइप बाहेर न नेलेल्या चिमणीत कोळशाचं फिल्टर असतं. ते धुतात हा गैरसमज आहे, ते बदलायचं असतं.

गाळणी कोरडी ठणठणीत झाल्याशिवाय बसवू नका. स्प्रे कधीही थेट आत, मोटरच्या दिशेने मारू नका; फडक्यावर मारा आणि फडक्याने पुसा. सुरुवातीला प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. चिमणी धुतली तरी धूर ओढत नसेल तर बाहेर जा आणि पाइपच्या तोंडाची झडप बघा. तेलाने चिकटून बंद झालेली असते, किंवा कबुतराने घरटं केलेलं असतं.

फरशी पुसली, तरी पायाला चिकटते

फिनाइल जास्त झालं. वास जितका उग्र तितकी स्वच्छता, हा हिशेब डोक्यातून जात नाही, म्हणून बाटलीवरच्या प्रमाणाच्या तिप्पट ओतलं जातं. जादा फिनाइलचा थर फरशीवर सुकतो आणि धूळ धरून ठेवतो. नुसत्या कोमट पाण्याने, दर खोलीला पाणी बदलत, लागोपाठ दोन दिवस पुसा, चिकटपणा उतरतो. घरात मांजर असेल तर फिनाइल वापरूच नका. मांजराच्या शरीराला ते पचत नाही, आणि ती ओल्या फरशीवर चालून पंजे चाटते.

बाथरूम लख्ख असूनही वास येत असेल तर जाळीवर सुगंधी गोळ्या ठेवण्याआधी जाळीखाली बघा. तिथल्या वाटीत पाणी साठून राहावं लागतं, तेच खालची दुर्गंधी आणि झुरळं अडवतं. गावाला गेलात आणि महिनाभर घर बंद राहिलं की ते आटतं. तांब्याभर पाणी ओता. एवढंच काम असतं.

काच उन्हात पुसू नका, पाणी पुसायच्या आधी वाळतं आणि रेघा उमटतात. टीव्हीच्या पडद्यावर काचेचं क्लीनर नको, किंचित ओलं मायक्रोफायबर पुरे. सोफ्याला पाणी कमी आणि ओढून घेणं जास्त. व्हॅक्यूमने ओढल्यावरही हात दाबला आणि तळवा ओला झाला, तर आतला फोम भिजलाय; आर्द्र हवेत तो दोन दिवस वाळत नाही आणि कुबट वास धरतो. पंख्याखाली, खिडक्या उघड्या ठेवून, सकाळीच हे काम घ्यावं.

सफाईचा व्यवसाय करणाऱ्यांसाठी

फोनवर ‘टू बीएचके’ ऐकून भाव सांगणं ही पहिली चूक. टू बीएचके ६०० चौरस फुटांचा असतो आणि ११०० चाही. त्याहून मोठा फरक आत काय आहे त्याने पडतो. भाव सांगण्याआधी पाच फोटो मागवा: शेगडीमागची भिंत, चिमणी खालून, बाथरूमचा नळ जवळून, खिडकीची चौकट उघडून, आणि बाल्कनी. रंगकाम नुकतंच झालंय का हे वेगळं विचारा. लाद्यांवरचे रंगाचे ठिपके खरवडायला लागणारा वेळ फोटोत दिसत नाही, आणि तोटा नेमका तिथेच होतो.

बाल्कनीत कबुतरांची विष्ठा असेल तर ती कोरडी झाडायला कुणालाही लावू नका. तिची धूळ फुप्फुसात जाते आणि गंभीर आजार होऊ शकतो. आधी पाणी फवारून १५ मिनिटं भिजवा, एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला, प्लॅस्टिकच्या खरवडणीने काढा, पिशवीत बांधा, मग धुवा.

फडक्यांचे रंग ठरवून टाका: संडासाला लाल, बाकी बाथरूमला पिवळं, स्वयंपाकघराला हिरवं, फर्निचरला निळं. माणसं बदलली तरी रंग बदलायचा नाही. मायक्रोफायबरला कपडे मऊ करणारं कंडिशनर लावलं की ते पाणी ओढेनासं होतं, म्हणून ही फडकी ग्राहकाच्या मशीनमध्ये टाकू नका. रसायनं पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत कधीही भरू नका, अगदी एका दिवसासाठीही. त्या घरात लहान मूल आहे का, हे तुमच्या माणसाला आत गेल्यावर कळतं.

काम सुरू करताना टाकीत पाणी किती आहे ते विचारा. पाण्याची वेळ सकाळी सहाला संपणाऱ्या सोसायटीत दुपारी एकला सोफा साबणात माखलेला आणि नळ कोरडा, ही अवस्था फार वाईट. ओट्यावरच्या चिरा, लाद्यांचे तडे, आरशाचे काळे कोपरे यांचे फोटो ग्राहकासमोर काढा आणि तिथल्या तिथे त्यांना पाठवा. छतापासून खाली, आतल्या खोलीपासून दाराकडे असं या. निघण्याआधी दिवे बंद करून मोबाईलचा टॉर्च फरशीला जवळजवळ टेकवून आडवा धरा. वरच्या उजेडात न दिसलेले सगळे पुसट पट्टे त्यात दिसतात, आणि ग्राहकाला ते संध्याकाळच्या तिरप्या उन्हात दिसणारच असतात.