चरित्र अभिनेता व्हायचंय? तालमीपासून मानधनापर्यंतची तयारी

मालिकेतले काका, सरपंच, वकील, हेडमास्तर, खानावळवाली मावशी. नाटकात दोनच एन्ट्र्या असलेला, पण दुसऱ्या अंकाला कलाटणी देऊन जाणारा माणूस. ही सगळी चरित्र भूमिकांची कामं. ती करणारा नट तिशीपासून सत्तरीपर्यंत कामात राहू शकतो. नायकाला एवढी वर्षं क्वचितच मिळतात. मात्र केस पिकले की चरित्र भूमिका आपोआप मिळतात, हा समज चुकीचा आहे. पंचविशीत नायक होण्याचा हट्ट सोडून जे याच कामाची तयारी करतात, ते पस्तिशीला पक्के झालेले असतात.

सुरुवातीला एकांकिका आणि हौशी स्पर्धांइतकी चांगली जागा नाही. राज्य नाट्य स्पर्धा 1954 पासून आणि पुण्याचा पुरुषोत्तम करंडक 1963 पासून चालू आहे. तिथून आलेले नट आजही व्यावसायिक रंगभूमीवर सगळीकडे दिसतात. स्पर्धेत मुख्य भूमिका मागू नका. म्हातारा, कंपाउंडर, तलाठी, दारुडा भाऊ, जे काम इतर मुलं टाळतात ते मागून घ्या. परीक्षक आणि प्रेक्षकांत बसलेले दिग्दर्शक तीच माणसं लक्षात ठेवतात. रीतसर शिकायचं असेल तर दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय (तीन वर्षांचा अभ्यासक्रम), पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स हे पर्याय आहेत. दोन दिवसांच्या शिबिरात ‘ऑडिशनची हमी’ देणाऱ्यांकडे जाऊ नका.

नोकरी घाईने सोडू नका. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक होते आणि पूर्णवेळ नाटकात आले ते चाळिशी ओलांडल्यावर, 1969 मध्ये. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘नटसम्राट’मधले गणपतराव बेलवलकर उभे केले. अशोक सराफांनीही बँकेतली नोकरी सांभाळत नाटकं केली. साधा नियम असा ठेवा: एक नाटक नीट चालू आहे आणि घराचा बारा महिन्यांचा खर्च बाजूला आहे, तेव्हाच राजीनामा.

माणूस उभा करताना

संहिता हातात आली की आधी ती पूर्ण वाचा, फक्त आपली वाक्यं नाही. मग कागदावर तीन रकाने करा. हा माणूस स्वतःबद्दल काय सांगतो, इतर त्याच्याबद्दल काय बोलतात, आणि तो प्रत्यक्षात काय करतो. तिन्हींचा मेळ सहसा बसत नाही, आणि भूमिका त्या फटीतच सापडते. स्वतःला प्रामाणिक म्हणवणारा कारकून प्रत्येक प्रवेशात फाईल छातीशी धरून बसत असेल, तर तुमचं काम तिथून सुरू होतं. त्यानंतर प्रत्येक एन्ट्रीआधी तो कुठून आला आणि कशासाठी आला, हे एका ओळीत लिहा. छोट्या भूमिकेत ही ओळ नसेल तर नट फक्त विंगेतून येतो आणि विंगेत जातो.

शरीर शोधताना धंद्याकडे बघा. शिंप्याची मान पुढे वाकलेली राहते, एसटीचा कंडक्टर थांबलेल्या गाडीतही पाय फाकवून उभा राहतो, प्राथमिक शिक्षक समोरच्या एकाशी बोलतानाही शेवटच्या बाकापर्यंत आवाज टाकतो. अशी एक लकब घ्या, फार तर दोन. तीन झाल्या की नक्कल होते. पहिल्या एन्ट्रीला ती स्पष्ट दाखवा, मग सोडून द्या आणि मोक्याच्या एका जागी परत आणा. दर वाक्याला चष्मा वर सरकवणारा नट दहाव्या मिनिटाला प्रेक्षकाला नकोसा होतो.

म्हातारपण हे सर्वांत जास्त बिघडणारं काम. पडदा उघडल्यापासून पाठीत वाकणं आणि हात थरथरवणं ही ठरलेली चूक. खरा म्हातारा माणूस आपलं वय लपवतो, ताठ उभं राहायला बघतो. वय कळतं ते हालचाल बदलताना. बसायच्या आधी तो खुर्चीकडे बघतो, हात टेकवतो आणि शेवटची तीन-चार इंचं अंग सोडून देतो. उठताना आधी पावलं मागे घेतो, वजन पुढे आणतो, कधी दुसऱ्या प्रयत्नात उठतो. मागे बघायचं असेल तर नुसती मान वळत नाही, खांदेही वळतात. लांब वाक्याच्या मधेच श्वास घ्यावा लागतो. एवढं जमलं तर रंगभूषा निम्मी केली तरी चालते. आणि भूमिकेची चप्पल तालमीच्या दुसऱ्या आठवड्यापासून घाला. स्पोर्ट्स शूजमध्ये बसवलेली चाल रंगीत तालमीला कोल्हापुरी चप्पल घातली की पार मोडते.

बोली दुसऱ्या नटाकडून शिकू नका. रंगभूमीवरची मालवणी आणि वऱ्हाडी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांची ऐकून साचेबंद झाली आहे. त्या तालुक्यातल्या माणसाचं अर्धा तास साधं बोलणं, परवानगी घेऊन, फोनवर रेकॉर्ड करा. विषय पिकाचा, लग्नाचा, भांडणाचा असू द्या. मुलाखत देताना माणूस प्रमाण भाषेकडे झुकतो. त्यातून आधी वाक्याच्या शेवटची चाल पकडा, मग क्रियापदांची रूपं, शेवटी ण-न आणि ळ-ल. एखादा शब्द मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला कळणार नसेल तर लेखकाला विचारून बदला, पण चाल ठेवा.

आवाजाबद्दल एक गोष्ट मराठी नटाने पाठच करावी. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं. वाक्याच्या शेवटी आवाज पडला तर ‘आलो होतो’ की ‘आलो नव्हतो’ हे मागच्या रांगेला कळतच नाही. बालगंधर्व किंवा गडकरी रंगायतनसारख्या मोठ्या नाट्यगृहात वर टांगलेले माइक तुमची पावलं छान पकडतात, पडलेलं क्रियापद पकडत नाहीत. तालमीत कोणाला तरी शेवटच्या रांगेत बसवून फक्त वाक्यांचे शेवट ऐकायला सांगा. ओरडण्याच्या प्रवेशात ताकद पोटातून आली पाहिजे. प्रयोगानंतर घसा खवखवत असेल तर ती घशातून येते आहे. आवाज तीन आठवडे बसलेला राहिला तर काढे थांबवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. विक्रम गोखल्यांसारख्या नटाला घशाच्या आजारामुळे 2016 मध्ये रंगभूमीवरून निवृत्त व्हावं लागलं.

रंगभूषेतलं थोडंसं स्वतःला यायला हवं, कारण दौऱ्यावर रंगभूषाकार एक आणि नट आठ असतात. मिशी लावण्याआधी ओठावरची जागा स्पिरिटने पुसून कोरडी करा. स्पिरिट गमचा (मिशी-दाढी चिकटवायचा डिंक) पातळ थर त्वचेवर लावा, बोटाला चिकट लागेपर्यंत थांबा, मग मिशी ओल्या फडक्याने दाबा. गम ओला असतानाच दाबली तर ती सरकते. आधी पॅनकेक (चेहऱ्याचा मूळ रंगलेप) लावून वर गम लावला तर घामाने मधोमध सुटते. केस पिकवताना शुद्ध पांढरा रंग प्रकाशात निळसर दिसतो. त्यात किंचित पिवळा मिसळा, केसांना तेल नसू द्या, जुन्या टूथब्रशने कानशिलापासून सुरुवात करा. ‘हसवाफसवी’त दिलीप प्रभावळकर एकाच प्रयोगात सहा माणसं उभी करत. असे झटपट बदल करायचे असतील तर कपड्यांना बटणांऐवजी वेल्क्रो आणि विंगेत दोन ठरलेली माणसं, कोण काय हातात देणार हे तालमीत पाठ केलेलं.

बदलीचं काम

व्यावसायिक नाटकात शिरायचा सर्वांत मोकळा दरवाजा म्हणजे बदली कलाकार. चालू नाटकातला कोणी मालिकेत अडकतो, आजारी पडतो, आणि निर्मात्याला चार दिवसांत माणूस हवा असतो. नाटक किमान तीन वेळा बघा: एकदा प्रेक्षागृहातून, दोनदा विंगेतून. विंगेतून बघताना तुमच्या पात्राच्या हातात कुठली वस्तू कधी येते आणि ती कुठे ठेवली जाते, याची यादी करा. बदली नट वाक्यं सहसा विसरत नाही, वस्तू विसरतो. आधीच्या नटाच्या हालचाली पहिल्या पाच-सहा प्रयोगांत जशाच्या तशा ठेवा, कारण प्रकाशयोजना आणि सहकलाकारांचे क्यू त्यांवर बसलेले आहेत. आपलं काही आणायचं असेल ते नंतर, दिग्दर्शकाला सांगून. आणि आधीच्या नटाच्या हुकमी हशाच्या जागा मोजत बसू नका; पहिल्या प्रयोगाला त्यातल्या निम्म्या येत नाहीत, पुढे येतात.

प्रयोगाला दीड तास आधी पोहोचा. व्यवस्थापकाच्या मनात तुमची किंमत अभिनयाआधी इथे ठरते, आणि पुढच्या नाटकाला नाव सुचवणारा बऱ्याचदा तोच असतो.

कॅमेऱ्यासमोर

नाटकातून आलेल्याला सगळे ‘कमी कर’ सांगतात. त्याने नट विझतो. आतली तीव्रता तेवढीच ठेवा, फक्त अंतर बदला: समोरच्या माणसाशी दोन फुटांवरून बोलताय, नवव्या रांगेशी नाही.

कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटमधली हालचाल दुसऱ्या शॉटशी जुळणं, हा मुख्य शत्रू. मास्टर शॉटमध्ये (अख्खा प्रसंग एकत्र टिपणारा शॉट) चहाचा कप कुठल्या शब्दावर उचलला, हे संहितेत पेन्सिलने लिहा. तोच कप दीड तासाने क्लोजअपमध्ये त्याच शब्दावर उचलावा लागतो. म्हणून मास्टरमध्ये पाच वेळा तशीच परत करता येईल एवढीच हालचाल घ्या. जेवणाच्या प्रसंगात घास बारीक, नाहीतर आठव्या टेकला तोंड भरलेलं असताना तुमचं वाक्य येतं. मार्कवर (जमिनीवर आखून दिलेल्या जागेवर) नेमकं थांबायचं तर मार्कवर उभं राहून उलट चालत या, पावलं मोजा आणि तेवढीच पुढे टाका. समोरच्याच्या दोन्ही डोळ्यांत बघू लागलात तर क्लोजअपमध्ये नजर हलते; कॅमेऱ्याच्या बाजूचा एकच डोळा धरा. कपड्यांवर छातीशी लावलेला लेपल माइक असताना छातीवर हात मारू नका. कडक खादी आणि काचेच्या बांगड्या दोन्ही आवाज खातात, रेकॉर्डिस्टला आधीच दाखवून घ्या.

रोजच्या मालिकेत पानं सेटवरच मिळतात. एका भागासाठी वीस-बावीस मिनिटांचं चित्रण लागतं, त्यामुळे कोणी तुमच्यासाठी थांबत नाही. तीन पानांचा प्रवेश वीस मिनिटांत बसवायचा असेल तर एकट्याने घोकू नका. सहकलाकाराबरोबर तीनदा मोठ्याने वाचा आणि प्रत्येक वाक्याआधी समोरचा काय म्हणतो ते लक्षात ठेवा. उत्तर आपोआप येतं. मालिकेतल्या चरित्र नटाचं निम्मं काम दुसऱ्याचं ऐकण्यात असतं. दुसऱ्याच्या क्लोजअपसाठी कॅमेऱ्यामागून वाक्यं देताना पूर्ण जीव लावून द्या. सगळे नट तसं करत नाहीत, म्हणून जो करतो त्याचं नाव सेटवर घेतलं जातं.

ऑडिशन आता बहुतेक घरूनच पाठवायची असते. फोन आडवा, लेन्स डोळ्यांच्या उंचीवर, मागे साधी भिंत, खिडकी समोर (पाठीमागे असेल तर चेहरा काळा पडतो). समोरची वाक्यं वाचणारा माणूस लेन्सच्या अगदी शेजारी, आणि तुमच्यापेक्षा हळू आवाजात. सुरुवातीला नाव, वय, उंची, गाव, दोन्ही बाजूंचा चेहरा, हात. फाईलला तुमचं नाव आणि भूमिकेचं नाव द्या. ‘व्हिडिओ 1’ नावाची फाईल हरवते. ऑडिशनसाठी, नोंदणीसाठी किंवा ‘कार्ड काढून देतो’ म्हणून कोणी पैसे मागितले तर तिथेच थांबा. कास्टिंग करणाऱ्याला निर्माता पैसे देतो. सिंटाचं (सिने-टीव्ही कलाकारांची संघटना) सभासदत्व हवं असेल तर ते थेट संस्थेकडून घ्या.

तारखा आणि पैसे

होकार देण्याआधी हे विचारून लेखी घ्या: दिवसाचा दर, शिफ्ट किती तासांची (मालिकेत सहसा बारा), महिन्याला किती दिवसांची हमी, पैसे किती दिवसांनी, प्रवास कोणाचा, कपडे कोणाचे. मालिकांत नव्वद दिवसांनी पैसे मिळण्याची पद्धत रूढ आहे, म्हणजे जूनचं काम सप्टेंबर उलटल्यावर खात्यात दिसेल. नाटकाची नाईट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, बहुतेक वेळा प्रयोगाच्या दिवशीच हातात येते. मालिका चालू असताना नाटकाने घर चालतं, हा हिशेब बऱ्याच जणांना उशिरा कळतो. म्हणून करारात ‘शनिवार-रविवार प्रयोगासाठी मोकळीक’ हे वाक्य घाला. तोंडी कबूल केलेलं कथानकाने वळण घेतलं की कोणाला आठवत नाही. सेट सातारा-नाशिककडे असेल आणि प्रयोग बोरिवलीला, तर ही मोकळीक शनिवारी सकाळपासून हवी, दुपारपासून नाही.

तारखांची वही एकच ठेवा आणि आधी आलेल्याला दिलेली तारीख नंतर आलेल्या मोठ्या कामासाठी फिरवू नका. मानधनातून टीडीएस कापला जातो, साधारण 10 टक्के. तो तुमच्या पॅनवर जमा झाला का, हे दर तिमाहीला 26एएसमध्ये (आयकर खात्याचं कापलेल्या कराचं विवरण) बघा. जमा नसेल तर लगेच विचारा. मालिका संपून ऑफिस बंद झाल्यावर उत्तर द्यायला कोणी उरत नाही.

साच्यात अडकू नका

एक सरपंच गाजला की पुढचे पाच सरपंच तुमच्याकडे येतात. पहिले दोन घ्या, त्यांनी ओळख पक्की होते. तिसऱ्या वेळी मात्र त्याच सुमारास वेगळं एखादं काम, कमी पैशांत का होईना, नाटकात किंवा लघुपटात करा आणि त्याची दोन मिनिटांची फीत कास्टिंगवाल्यांना पाठवा. निळू फुले यांच्यावर बेरकी पुढाऱ्याचा शिक्का पक्का बसला होता. ‘सामना’ चित्रपटातला हिंदुराव धोंडे पाटील त्यातलाच, पण 1979 च्या ‘सिंहासन’मध्ये तेच नट दिगू टिपणीस हा पत्रकार झाले, आणि दोन माणसांत डोळ्यांचंसुद्धा साम्य ठेवलं नाही. भूमिका नाकारताना कारण सांगा, आणि आपण काय करू शकतो हेही त्याच फोनवर सांगा. नुसता नकार दिला तर फोन येणं थांबतं.

शेवटचं काम पहिल्या दिवसापासून करायचं आहे. प्रत्येक नाटकाची जाहिरात, स्पर्धेचं प्रमाणपत्र, करारपत्र, श्रेयनामावलीचा फोटो, सगळं वर्षवार एका फाईलमध्ये ठेवा. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची, ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांसाठीची मानधन योजना आहे. तिच्यासाठी वयाची पन्नाशी, उत्पन्नाची मर्यादा आणि किमान पंधरा वर्षांच्या कामाचे पुरावे लागतात. पडद्यावर चेहरा ओळखीचा असूनही अर्ज अडतो तो बहुधा याच कागदांपायी. बंद पडलेल्या संस्थांची पत्रं नंतर मिळत नाहीत, म्हणून संस्था चालू असतानाच लेटरहेडवर दोन ओळी लिहून, सही-शिक्क्यासह मागून घ्या.