नागपूरच्या उन्हाळ्यात प्लेट रीडर वापरताना

प्रोजेक्टला आलेली मुलं आधी मशीनचं सॉफ्टवेअर शिकायला बघतात. मी त्यांना आधी प्लेट शिकवते: ९६ छोट्या खळग्यांचा, म्हणजे वेलचा, प्लास्टिकचा ट्रे. प्लेट रीडर हे मशीन त्यातल्या एकेका वेलमधला प्रकाश मोजतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो, हवा कोरडी ठक्क, आणि त्या दिवसांत आकडे बिघडले तर दोष बहुतेक वेळा रीडरचा नसतो.

एक गोष्ट पक्की समजून घ्या. क्युव्हेटमध्ये (एका नमुन्याची छोटी चौकोनी नळी) प्रकाशाची वाट १ सेंटीमीटर ठरलेली असते. प्लेटमध्ये प्रकाश उभा जातो, त्यामुळे वेलमधल्या द्रवाची उंची हीच त्याची वाट. त्याच द्रावणाचे १०० ऐवजी ११० मायक्रोलिटर पडले, की रीडिंगही जवळपास दहा टक्क्यांनी वाढलं.

पण वेलमधलं पाणी उडालं तर? रंग गडद होतो, उंची तेवढीच कमी होते, आणि अ‍ॅब्सॉर्बन्स (द्रवाने किती प्रकाश शोषला त्याचं माप) जवळजवळ तोच राहतो! म्हणून नुसता रंग भरून केलेल्या तपासणीत सगळं छान दिसतं. खऱ्या प्रयोगात मात्र कडेच्या वेलमधलं एन्झाइम जास्त खारट बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) बसलेलं असतं आणि त्याचा वेग बदलतो. ९६ पैकी ३६ वेल कडेचे असतात, हे लक्षात घ्या.

त्यासाठी प्लेट तोला. इन्क्युबेशनच्या (ठरावीक तापमानाला प्लेट ठेवून देण्याच्या) आधी एकदा, नंतर एकदा. वेलमागे २०० मायक्रोलिटर धरले तर पूर्ण प्लेटमध्ये सुमारे १९ ग्रॅम पाणी असतं. एक ग्रॅम घटला म्हणजे सरासरी ५ टक्के गेलं, आणि कडेला त्याहून जास्त. रीडर ९०० आणि ९७७ नॅनोमीटरला वाचत असेल तर आणखी चांगलं. ९७७ जवळ पाणी स्वतः प्रकाश शोषतं, त्यामुळे दोन्ही रीडिंगमधल्या फरकावरून एकेका वेलची उंची कळते.

उपाय साधे आहेत. सीलिंग फिल्म लावा, इन्क्युबेटरमध्ये पाण्याचा ट्रे ठेवा, कडेच्या वेलमध्ये फक्त बफर भरून मधले ६० वापरा. कूलरचा झोत टेबलावर येऊ देऊ नका. कूलर खोलीत ओलावा आणतो हे खरं, पण झोताकडची बाजू आधी सुकते. ३८४ वेलच्या प्लेटमध्ये द्रव कमी, म्हणून ही काळजी दुप्पट घ्या. पावसाळ्यात उलटा त्रास: फ्रिजमधून काढलेल्या प्लेटच्या तळाला दव धरतं. ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, तळ पुसा, मगच आत ठेवा.

प्लेटचा रंग थोडक्यात: अ‍ॅब्सॉर्बन्सला पारदर्शक, फ्लुरोसेन्सला (प्रकाश टाकल्यावर नमुना चमकतो तेव्हा) काळी, ल्युमिनेसेन्सला (रासायनिक क्रियेतून नमुना स्वतः उजळतो तेव्हा) पांढरी. पांढरी प्लेट उजेडात राहिली असेल तर काही मिनिटं अंधारात ठेवा, नाहीतर ती स्वतःच चमकते. २६० नॅनोमीटरला साधी पॉलिस्टायरीन प्लेट चालत नाही, ती तो प्रकाश स्वतःच शोषते.

शेकडो नमुने तपासायच्या आधी नुसत्या कंट्रोलची (उत्तर आधीच माहीत असलेले नमुने, एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह) एक प्लेट चालवा आणि झेड-प्राइम काढा, म्हणजे तपासणी किती भरवशाची आहे ते सांगणारा आकडा. दोन्ही कंट्रोलच्या प्रमाण विचलनांची बेरीज करा, तिला तीनने गुणा, सरासऱ्यांमधल्या फरकाने भागा, आणि उत्तर १ मधून वजा करा. ०.५ च्या वर आलं तर पुढे जा. खाली आलं तर आकडे एक्सेलमध्ये प्लेटच्याच आकारात मांडून रंगवा. कडेनं चौकट दिसली तर बाष्पीभवन, एकच कोपरा वेगळा दिसला तर हवेचा झोत, आणि एक आडवी ओळ फिकी दिसली तर आठ चॅनलच्या पिपेटची ती टीप सैल बसली आहे.