तोरणमाळची सीताखाई : एका दिवसात गाडीने

सीताखाई ही नंदुरबार जिल्ह्यातल्या तोरणमाळ या थंड हवेच्या ठिकाणची खोल दरी. पावसाळा सरताना जा. उन्हाळ्यात सीताखाईचा धबधबा आटतो. शहाद्याहून म्हसावद, राणीपूरमार्गे अंतर सुमारे 50 किमी. सकाळी सातला निघा. टाकी शहाद्यातच फुल करा, स्टेपनीची हवाही बघा.

खरी परीक्षा घाट उतरताना. गाडी न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचवायची खोड इथे नको! सतत ब्रेक दाबला की ते तापतात, जळका वास येतो, पेडल मऊ लागतं. मग थांबून ब्रेक गार होऊ द्या, पाणी ओतू नका. उतार दुसऱ्या गिअरमध्येच. धुक्यात लो बीम.

दरीच्या काठचं शेवाळ फसवं, कठड्याबाहेर जाऊ नका. माणशी दोन लिटर पाणी, कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, ठेचा. चारला परतीला लागा.