तोर्चेल्लो बेटाचा आरंभीचा इतिहास कसा अभ्यासावा

व्हेनिसच्या खाजणाच्या उत्तर भागातील तोर्चेल्लो या लहानशा बेटाचा आरंभीचा इतिहास अभ्यासायचा असेल, तर दंतकथा तूर्त बाजूला ठेवून सुरुवात दगडापासून करावी. सान्ता मारिया आस्सुन्ता या कॅथेड्रलमध्ये १८९५ साली सापडलेला एक तुटका लॅटिन शिलालेख आहे. बायझंटाइन सम्राट हेराक्लिअसच्या एकोणतिसाव्या राज्यवर्षी, इंडिक्शनच्या तेराव्या वर्षी, राव्हेन्नाचा एक्झार्क (इटलीतील सम्राटाचा राज्यपाल) इसाक याच्या आज्ञेवरून हे चर्च उभारल्याचे तो सांगतो.

ही कालगणना स्वतः पडताळून पाहावी. हेराक्लिअस ऑक्टोबर ६१० मध्ये गादीवर आला, त्यामुळे त्याचे एकोणतिसावे वर्ष ऑक्टोबर ६३९ च्या आरंभी संपते. इंडिक्शन हे पंधरा वर्षांचे चक्र असून त्याचे वर्ष १ सप्टेंबरला सुरू होते, आणि त्यातील तेरावे वर्ष नेमके सप्टेंबर ६३९ मध्ये लागते. दोन्ही मोजण्या जुळतात त्या केवळ पाच आठवड्यांच्या अवधीत, आणि त्या काळातील इमारतीसाठी इतकी अचूक तारीख मिळणे विरळाच. मात्र आज दिसणारी वास्तू बव्हंशी १००८ च्या पुनर्बांधणीची आहे. ती बिशप ओर्सो ओर्सेओलो याने करवली. तिथली भव्य मोझेक चित्रे अकराव्या-बाराव्या शतकांतील असल्याने सातव्या शतकाचा पुरावा म्हणून ती वापरू नयेत.

यानंतर नजर मुख्य भूमीकडे, आल्तिनो या रोमन नगराकडे वळवावी, कारण तोर्चेल्लोचे बिशपपद तिथूनच आले. आल्तिनोवर पुढे मोठे शहर उभे राहिले नाही. त्यामुळे जुलै २००७ मधील अवर्षणात मका व सोयाबीनच्या शेतांची विमानातून छायाचित्रे घेतली गेली, तेव्हा सुकत चाललेल्या पिकांच्या रंगछटांतून भिंती, रस्ते आणि नाट्यगृह यांचा आराखडाच उमटला.

बखरींनुसार शत्रूच्या भीतीने आल्तिनोकर आकाशवाणी ऐकून बेटावर आले. अशा कथनात घटनांचे अनेक थर एकत्र गोठलेले असतात: हूणांचा राजा अत्तिला याची स्वारी ४५२ ची, लोम्बार्ड या जर्मानिक टोळीचे आगमन ५६८ चे, आणि शिलालेख ६३९ चा. म्हणजे जवळजवळ दोन शतकांचे हळूहळू झालेले स्थलांतर कथेत एका रात्रीचे पलायन बनते. कॅथेड्रलसमोरील ‘अत्तिलाचे सिंहासन’ म्हणवणाऱ्या दगडी आसनाशी तर अत्तिलाचा काडीचाही संबंध नाही. त्यावर बसून छायाचित्र काढण्यास हरकत नाही, इतकेच.

लोक इथे कशावर जगत होते, हे मातीला विचारावे. १९६१-६२ मध्ये पोलिश पुरातत्त्वज्ञांनी कॅथेड्रलच्या परिसरात केलेल्या उत्खननात आरंभीच्या मध्ययुगातील काचभट्टीचे अवशेष मिळाले. शिलालेखानंतर सुमारे तीनशे वर्षांनी बायझंटाइन सम्राट कॉन्स्टन्टाइन सातवा याच्या ग्रंथात तोर्चेल्लोचा उल्लेख मोठे व्यापारी केंद्र म्हणून येतो. भट्टी आणि हा उल्लेख एकत्र वाचले, तर निर्वासितांच्या झोपड्यांपेक्षा कारागिरांची व व्यापाऱ्यांची वस्ती डोळ्यांसमोर ठेवणे अधिक सयुक्तिक वाटते.

आज मात्र बेटावर मोजकीच घरे आहेत. गाळ साचून जलमार्ग उथळ झाले, हिवताप पसरला आणि रहिवासी निघून गेल्यावर इथल्या विटा व दगड व्हेनिसमधील बांधकामांसाठी उचलून नेले गेले. म्हणून जमिनीवर उरलेल्या अवशेषांवरून जुन्या वस्तीचा आकार ठरवू नये.